दसऱ्याला सांगते

१९ सप्टेंबर १९४८

लष्कर आलं आणि पुढं गेलं. नळदुर्गाकडच्या रस्त्यावरचा धुरळा दोन दिवस खाली बसला नाही. रझाकार पळाले, त्यांचे खाकी सदरे ओढ्यात वाहत आले म्हणे. चावडीवर निशाण लागलं. माझे धाकटे दीर नागप्पा भावजी सकाळीच गुळाचा खडा घेऊन आले. "वैनी, तोंड गोड करा, निजाम बुडाला." मी खडा घेतला आणि त्यांची पाठ फिरल्यावर मुंग्यांना टाकला. कोण बुडालं आणि कोण तरलं, मला काय त्याचं सोयरसुतक.

माझ्या वडलांनी, आप्पांनी, मला मठात पोरांबरोबर बसवून लिहायला शिकवलं. त्याचा उपयोग आता होतोय. मालक कधीच गेले, घरात बोलायला कुणी नाही. भिंतीशी बोलणाऱ्या बाईचं काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून कागदाशी बोलते.

एकदाच लिहून टाकते. बसवराज, माझा एकुलता एक, सरहद्दीपलीकडं बार्शीला, निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांच्या कॅम्पात होता. मी तापानं पडले हे कळलं तसा जेठात एका रात्रीपुरता घरी आला. उजाडता उजाडता रझाकार आले. बाहेरगावची माणसं ती, त्यांना आमची गल्लीसुद्धा ठाऊक नव्हती. पण सरळ माझ्या दारात आली, कारण गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या पिंजाऱ्याचा दस्तगीर खाकी सदरा घालून उभा होता आणि त्यानं हात वर करून माझं घर दाखवलं. मी वरून, घराच्या माळवदावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बसूला वडाखाली नेऊन गोळी घातली.

मला आता एकच पाहिजे. दस्तगीर सापडावा, आणि त्याचं काय करायचं ते मी सांगावं.

२२ सप्टेंबर

पिंजाऱ्यांची घरं जाळली. कापसाच्या गाद्या संध्याकाळपर्यंत धुमसत होत्या, त्या वासानं भाकरी गिळवेना. लाडलेसाब, दस्तगीरचा बाप, कापूस पिंजायची धनुकली काढायला जळत्या घरात शिरला. बाहेर आला तर दारात माणसं उभी. कोण ते लिहीत नाही. रोज माझ्या दारावरून जाणारीच होती.

मी अंथरते ती गादी लाडलेसाबनं भरलेली आहे. काळजाला गारवा वाटेल असं वाटलं होतं. उलट रात्री ती गुंडाळून ठेवली आणि घोंगडीवर निजले.

दुपारी परसात कडब्याच्या गंजीमागं कुणी हललं. दस्तगीरची आई, मालनबी. पदर जळालेला, डोळे कोरडे.  मागलं दार उघडून तिला आत घेतलं आणि कडी लावली.

कुणाला वाटेल मला दया आली. दया बिया काही नाही. आई इथं असली की पोरगा हुंगत येईलच. शेळी बांधल्याशिवाय वाघ येत नाही.

२५ सप्टेंबर

ही बाई जेवत नाही. मी ओरडले, उपाशी मेलीस तर माझ्या काय कामाची? बांधलेल्या शेळीलाही चारा घालावाच लागतो. तिला अंबाडीची भाजी आवडते म्हणून ती केली, लसणाची फोडणी वरून घातली. तेव्हा कुठं अर्धी भाकरी खाल्ली.

तिची आवड मला ठाऊक असायचं कारण आहे. बसू झाला तेव्हा मी बाळंतरोगानं अंथरुणाला खिळले, अंगावर दूधच नव्हतं. मालनबीच्या मांडीवर तेव्हा दस्तगीर होता. सासूबाई गौराबाई मोठ्या कडक, लिंगायताच्या घरात वाडग्यालासुद्धा मांसाचा वास चालायचा नाही. पण नातू रडून काळानिळा पडला तेव्हा त्याच मागल्या दारानं मालनबीला घेऊन आल्या. आणि मालनबीनं काय केलं? बसू अंगावर पीत होता तोवर तिनं मटणाला बोट लावलं नाही. बकरीदेलासुद्धा नाही. सासूबाई रोज तिच्यासाठी अंबाडी शिजवून पाठवायच्या. गळ्यात लिंग बांधलेलं माझं लेकरू एका बाजूला आणि दस्तगीर दुसऱ्या बाजूला.

म्हणूनच ती इथं आली. दुधाची आठवण देईल आणि पोराचा जीव मागेल. मागून तर बघू दे.

२८ सप्टेंबर

आज मीच तोंड फोडलं. दोघी ज्वारी निवडत होतो. म्हटलं, "मालनबी, दुधाचा हवाला देऊन पोराला सोडवशील, तर ते होणार नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "दुधाचं काय मागू अक्का? ते तर मिटलं."

"कसं मिटलं?"

"बसूला घरी आनला तवा म्या भिंतीआड उभी व्हते. तीनदा म्हनलं, दूध बख्श दी मैं. आमच्यात आईनं दूध बख्शल्याबिगर, दुधाचं देनं माफ केल्याबिगर लेकराची सुटका न्हाय. दस्तगीरचा बाप म्हनला, त्येंच्यात असलं काय नसतंय. म्या म्हनलं, नसंना. दूध तर माजं व्हतं न्हवं?"

"आणि दस्तगीरला?"

"न्हाय बख्शलं." एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "दोगं एका छातीचे. एकानं दुसऱ्याला दावून दिलं. कसं बख्शू?"

मला खरं वाटत नाही. बाई हुशार आहे, मला वितळवायला बघते. पण दिवसभर डोक्यात तेच. माझ्या बसूला माझ्या माघारी कुणी माफ करून टाकलं. त्याचा गुन्हा काय, तर दूध प्यायला. आधी राग आला, मग रडू आलं. ते रडू रागाचंच असणार.

२ ऑक्टोबर

नागप्पा भावजी आले. मालनबीला कोठीत लपवलं. बसायच्या आधी त्यांनी पिंजाऱ्याच्या जळक्या भिंतीवर हात फिरवला. "हितं गोठा झकास हुईल वैनी. भिंत तर आपल्याला लागूनच हाय." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. पण बोलले नाही. शेत तेच बघतात, आणि बसू गेला तेव्हा लहान लेकरागत रडले ते मी विसरलेले नाही. रक्ताचं माणूस आहे.

म्हणाले, "दस्तगीर येडशीकडं रामलिंगाच्या रानात हाय म्हनं. गावला की तुमच्यापुढं उभा करतो. तुमी निस्तं व्हय म्हना."

"धाराशिवला लष्कराची कचेरी बसलीय, तिथं नेऊन दिलं तर?"

"तिथं साक्षी लागत्यात, वरसं जात्यात. बसूची आई तुमी हाव. तुमी व्हय म्हनलं तर त्यो न्याव, न्हायतर लोक दंगा म्हनत्यात."

मी व्हय म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. त्यांनी सुपारी कातरली आणि गेले.

मग मी मठात गेले. आमचे अय्या, गुरू, विभूतीच्या गोळ्या उन्हात घालत होते. विचारलं, माणसाला माफ करायचं ते कधी करायचं? म्हणाले, "दसऱ्याला. ज्याच्या मनात वैर हाय त्यानं समद्या गावादेखत बन्नीचं, शमीचं पान समोरच्याच्या हातावर ठिवायचं. मंग त्या मानसाला कुनी बोट लावायचं न्हाय. वाडवडलांपासनं रीत हाय."

"खुनाचं वैर असलं तरी?"

अय्यांनी गळ्यातल्या रुद्राक्षाशी चाळा केला. "वैर किती मोटं, ते काय रीतीत सांगितलं न्हाय," म्हणाले आणि पुन्हा गोळ्यांना लागले.

हे मी कशाला विचारलं कोण जाणे. उगाच, माहिती असावी म्हणून.

६ ऑक्टोबर

दिवेलागणीला दस्तगीर आला. मागल्या दारानंच.

धोतर नेसलेला, कपाळावर तीन बोटांची विभूती. लपायला केलेलं सोंग ते. पण दारात तो आकार बघितला आणि माझ्या तोंडून "बसू" गेलं. तापानं फणफणलेला, पायांच्या चिंध्या. मला पाहून उंबऱ्याबाहेरच बसला.

"अव्वा, मला धरून द्या," म्हणाला. बसूचं ऐकून तोही मला लहानपणापासून अव्वाच म्हणतो. "निस्तं अम्माला सांगा, दूध बख्श म्हनावं."

मालनबीनं भिंतीकडं तोंड केलं. लाडलेसाब गेल्याचं तिनं त्याला भिंतीकडं बघूनच सांगितलं. मग म्हणाली, "आदी हिच्याकडनं घे. हिचा लेक गेला. हिनं सोडलं तर म्या सोडते."

मी विचारलं, "घर का दाखवलंस?"

"सदरा घातला न्हाईस तर बापाला उचलू म्हनले, म्हनून घातला. त्या दिशी इचारलं, बसवराजचं घर कंचं. म्या गप ऱ्हायलो तर पाठीत बंदुकीचा दस्ता घातला. हात आपसूक वर झाला अव्वा. वाटलं, धरून नेतील आन सोडतील. दुसरं कुनाचं घर दावावं, ते बी सुचलं न्हाय."

'माफ करा' असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी थोबाडीत मारली असती आणि मोकळी झाले असते. तो नुसता बसून राहिला. सोडलं म्हणू की भावजींना हाक मारू? एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते दारात आलं आणि मला ठरवता येईना.

शेवटी म्हटलं, "दसऱ्याला सांगते."

त्यानं मान डोलवली. जणू मी त्याला भाकरीच दिली. त्याला धान्याच्या बळदात, त्या अंधाऱ्या खोलीत, पोत्यांमागं निजवलं आणि बाहेरून कडी घातली. पळून जाऊ नये म्हणून.

९ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. गुळवेलीचा काढा दोनदा दिला. वाघ धरायला शेळी बांधली आणि आता वाघालाच काढा पाजतेय, हसावं की रडावं? खोकतो तो अगदी बसूसारखा, खोकून झाल्यावर घसा खाकरतो तोसुद्धा. एकाच गल्लीत वाढली पोरं, खोकला एक असणारच.

मालनबी बळदात पाऊल टाकत नाही. पण तिच्या भाकऱ्या दोन जास्त होतात आणि तिचा कान सारखा भिंतीला असतो. आज मला म्हणाली, "अक्का, आज सांगून टाक की. तुजं मन झालंय, मला दिसतंय."

"झालं असेल तर दसऱ्यापर्यंत टिकेल. घरात बसून सोडलं म्हणून काय होणार? बाहेर पडला की लोक फाडून खातील. गावादेखत पान दिलं तरच त्याचा जीव वाचेल."

"गावाला दसऱ्याला सांग. त्याला तर आज सांग. त्येला नीज न्हाय."

मला राग आला. माझ्या बसूला नीज मिळाली का? आणि एकदा सांगून बसले तर माझ्या हातात काय राहिलं? म्हटलं, "ज्याची त्याची वेळ असते." ती चुलीकडं वळली.

बळदाशी गेले होते एकदा, सांगायचं म्हणून नव्हे, सहज. तो म्हणाला, "अव्वा, दसरा कवा हाय?" मी म्हटलं, जवळच आहे, काढा पी.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळी, खुरपं, कोयता, सगळं घासून पूजेला मांडलं. मालनबीनं कमरेला खोचलेली धनुकलीची तात, कापूस पिंजायची ती दोरी, काढली आणि माझ्याकडं पाहिलं. जळक्या घरातून तेवढीच तिनं आणली होती. मी तातेलाही विभूती लावली.

माझं ठरलं. कधी ठरलं सांगता येत नाही, पण आज सकाळी उठले तर ठरलेलं होतं. उद्या पान देणार. बसूचं वैर माझं, सोडायचा हक्कही माझा. गावाला काय वाटायचं ते वाटो.

पण त्याला बन्नीच्या झाडापर्यंत न्यायचं कसं? मी एकटी बाई, गल्लीतच दगड पडतील. म्हणून भावजींना बोलावलं आणि सगळं सांगितलं.

ऐकताना ते पिंजाऱ्याच्या भिंतीकडं बघत होते. "त्यो हाय कुटं?"

"माझ्याकडंच आहे. बळदात."

"आन ती म्हातारी?"

"तीही आहे."

मग त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. "तुमचं मन लई मोटं वैनी. उद्या तुमी माज्यासंगं म्होरं चला, अय्या तुमचा मान करनार हाईत. मागनं मानसं धाडून त्येला नीट आनतो."

किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. या माणसाला मी मनातल्या मनात लोणी खाणारा म्हटलं होतं, वाईट वाटलं.

मालनबी आतून ऐकत होती. म्हणाली, "त्येला कशाला सांगितलंस अक्का?"  मी म्हटलं, आमच्या रक्ताचं माणूस आहे. घाबरली असेल, घाबरलेल्या माणसाला सगळीकडं साप दिसतात.

बळदाच्या दारातून दस्तगीरला एवढंच सांगितलं की उद्या अंघोळ करून तयार राहा. त्यानं विचारलं, "अव्वा, काय ठरलं?" मी म्हटलं, "उद्या कळेल." उद्या त्याचं तोंड सगळ्या गावादेखत बघायचं होतं मला.

१२ ऑक्टोबर, दसरा

लिहवत नाही.

बन्नीच्या झाडाखाली सगळं गाव. अय्यांनी मला पुढं बसवलं, शाल घातली. पहिलं पान भावजींनीच माझ्या हातावर ठेवलं, आमच्या रीतीनं कानडीत म्हणाले, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरूण." पान घेऊन सोन्यासारखं राहू. मी त्यांना परत पान दिलं नाही, म्हटलं, माझं पहिलं पान दस्तगीरचं. ते पान मी मुठीत धरून बसले. भावजींना विचारलं की म्हणायचे, "येतोय, येतोय."

ऊन कललं. मग भर रस्त्यानं मालनबी येताना दिसली. डोक्यावर पदर नव्हता. माणसं आपोआप बाजूला झाली. माझ्यापुढं येऊन थांबली.

"आडात टाकला," म्हणाली. "चौगं आले. कडी त्येंनी काढली, म्या उगडली न्हाय. वरडला पर ढोल वाजत व्हते."

मी सगळ्यांकडं पाहिलं. कुणी झाडाकडं बघत होतं, कुणी पायांकडं. नागप्पा भावजी तर सारा वेळ माझ्या शेजारी उभे होते, क्षणभर हलले नाहीत. मग हे केलं कुणी? त्यांच्या माणसांच्या आधी कुणी पोचलं असेल का?

१३ ऑक्टोबर, बकरीद

खांदा द्यायला कुणी पुरुष आला नाही. वेशीबाहेरच्या सीताबाईनं खोरं-टिकाव दिला आणि आडातून त्याला काढायला तिचा नवरा उतरला, तेवढेच. बसूचं कोरं धोतर पेटीत होतं, ते गुंडाळलं. आम्ही बायांनीच खड्डा घेतला. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, त्यांच्यात निजवून. मालनबीनं त्याचं तोंड एका कुशीला वळवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "सोडलं. दस्तगीर, मी सोडलं रे." मोठ्यानं म्हटलं, दोनदा म्हटलं.

पान वाळलं होतं. ते त्याच्या हातावर ठेवायला वाकले तर मालनबीनं माझं मनगट धरलं. "आता न्हाय अक्का. ते जित्या मानसाला द्यायचं असतंय."

मग ती तीनदा म्हणाली, दूध बख्श दी मैं. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

माती ओढताना मी विचारलं, कोण होते ते चौघे? ती म्हणाली, "तुज्या दिराचे गडी. बळद कुटं हाय ते इचारलं बी न्हाय त्येंनी. सरळ गेले."

१५ ऑक्टोबर

सकाळपासून पिंजाऱ्याची भिंत पाडताहेत. भावजी कुदळीवाल्यांना सूचना देऊन माझ्या दारी आले. हात पुढं केला. "वैनी, माजं सोनं ऱ्हायलंय तुमच्याकडं. झालं गेलं गंगंला मिळालं."

मी म्हटलं, "दसरा गेला भावजी." दार लावलं. माझ्या पोटात आता जे पेटलंय ते बसूच्या वेळेपेक्षा वाईट आहे, कारण या खेपेला घर मी दाखवलं.

ते मालनबीलाही सांगितलं. म्हटलं, तू म्हणत होतीस तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. भावजींना सांगायला नको होतं. ती ऐकत गाठोडं बांधत राहिली. माकणीला तिचा भाऊ आहे, तिकडं निघाली. तिथं तरी कोण उरलंय देव जाणे.

मागल्या दारात थांबली. त्यांच्यात लांब जाताना म्हणतात तसं म्हणाली, "अक्का, कहा-सुना माफ कर."

"केलं," मी म्हटलं. लगेच म्हटलं, या खेपेला दम धरला नाही. मग विचारलं, "आणि मला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं.

"मन व्हत न्हाय अक्का अजून," म्हणाली. "झालं की त्याच दिशी सांगाय येईन. सनावारासाठी थांबायची न्हाय."

आणि गेली.